कडक शिसे म्हणजे टिकाऊ पेन्सिल नव्हे

सुतारकामाला पेन्सिल घ्यायची तर 2एच, जमल्यास 4एच घ्यावी, असे आग्रहाने सांगणारे पुष्कळ भेटतात. कडक शिसे कमी झिजते, टोक राहते, रेघ बारीक येते, म्हणून माप चुकत नाही, असा हा पूर्वपक्ष. नकाशाच्या कागदापुरता तो बरोबर आहे. लाकडावर तो टिकत नाही.

कडकपणा येतो कुठून? 1795 मध्ये फ्रान्सच्या निकोला-जाक काँतेने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून, भाजून शिसे करण्याची रीत पेटंट केली. माती वाढवली की शिसे कडक होते, पण काळेपणा देणारे ग्रॅफाइट तितके कमी पडते. म्हणून 4एचची रेघ फिकी. साइटवर भुसा उडत असतो, उजेड एका बल्बचा; रेघ दिसावी म्हणून कारागीर हात दाबतो. पाइन किंवा देवदारासारख्या मऊ लाकडात त्याने चर पडतो. ग्रॅफाइट पॉलिश पेपरने निघते, चर मात्र राहतो, आणि पॉलिशचा हात फिरला की त्यात रंग साचून तो उठून दिसतो. गिऱ्हाईक बोट ठेवते ते नेमके तिथेच.

दुसरे, साइटवरची पेन्सिल झिजून क्वचितच संपते, ती मोडून संपते. शिडीवरून फरशीवर पडली की शिसे आतल्या आत तुटते. मग कितीही तासा, टोक हातात येते. यावर उपाय जाडीचा. 2 मि.मी. व्यासाचे गोल शिसे आणि 2 बाय 5 मि.मी.चे चपटे, दोन्ही एकाच मालाचे धरा. चपटे शिसे त्याच्या कमजोर अंगाने वाकवले तरी मोडायला सुमारे चौपट जोर लागतो. शिवाय चपटी पेन्सिल उतरत्या फळीवरून घरंगळत नाही.

मग बारीक रेघेचे काय, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर तासण्यात आहे. सुताराची पेन्सिल शार्पनरसाठी नाहीच. ती दोन्ही रुंद अंगांनी पटाशीने तासून तिला पटाशीसारखी धार काढायची आणि ती धार गुण्याला लावून ओढायची. गोल टोकाची सगळी झीज एका बिंदूवर येते. इथे ती धारेच्या लांबीभर वाटली जाते, म्हणून एचबीसारखे मध्यम शिसेही बराच वेळ बारीक राहते. आणि गोल करवतीचे पाते दोन-तीन मि.मी. लाकूड खाणार असेल, तर रेघ केसभर जाड झाल्याने बिघडत नाही. पाते रेघेच्या कोणत्या अंगाने न्यायचे, याने बिघडते. टाकाऊ बाजूवर फुली मारायची सवय म्हणूनच मोलाची.

फाबर-कास्टेलच्या संग्रहातली, सर्वांत जुनी मानली जाणारी पेन्सिल सुताराचीच आहे. सतराव्या शतकातल्या एका जर्मन घराच्या छपरात ती सापडली. काँतेच्या आधीची. शिशाचा कडकपणा निवडायची सोयच तेव्हा नव्हती, तरी छपरे उभी राहिली.

रंधा मारलेल्या सागावर 2एच चालते, हे मान्य. पण सांध्याची खरी नेमकी आखणी हवी असेल तर पेन्सिलच ठेवून सुरी घ्यावी. ती तंतू कापते आणि पटाशी त्या खाचेत बसते. ओल्या लाकडावर ग्रॅफाइट घसरते, तिथे मेणयुक्त शिसे बरे. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलची रेघ ओलावा लागताच फुटते आणि रंग आत मुरतो. दर्शनी भागावर ती लावूच नये. शिसवीसारख्या गडद लाकडाला सरळ पांढरी पेन्सिल घ्यावी.