रांजण, ऑल्विन आणि बारा दिवस

परवा माझ्या मुलीने फ्रीजरमधला बर्फ सुरीने टोकरायला घेतला आणि मी असा ओरडलो की ती दचकलीच. "बाबा, बर्फच काढतेय ना!" म्हणाली. का ओरडलो ते सांगायचं तर 1984 च्या मे महिन्यात, आदिलाबादच्या आमच्या जुन्या घरात जावं लागेल. आणि त्याआधी थोडं आणखी मागे.

महाराष्ट्रातले पाहुणे आम्हाला नेहमी विचारतात, "तुम्ही तिकडे कसे गेलात?" आमचे आजोबा हसून म्हणायचे, "आम्ही कुठंच गेलो नाही, सरहद्द इकडून तिकडे गेली." आदिलाबाद निजामाच्या हैदराबाद राज्यातला जिल्हा. आजोबांची शाळा उर्दूत झाली, घर मराठीत चाललं आणि बाजार तेलुगूत. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातला इस्लापूरचा भाग मुंबई राज्यात गेला. उलट नांदेडकडचा मुधोळ-भैंसा भाग आदिलाबादला जोडला गेला. आमचं गाव आंध्र प्रदेशात राहिलं, आणि गावाबरोबर आम्ही. सोयरीक पैनगंगेच्या पलीकडे, कचेरीची कामं हैदराबादेत, असा संसार सुरू झाला.

फ्रीजसुद्धा या सरहद्दीनेच ठरवला. यवतमाळला आत्याकडे गोदरेजचा फ्रीज होता. गोदरेजने 1958 मध्ये फ्रीज बनवायला सुरुवात केली होती. आमच्याकडे मात्र आला तो ऑल्विन, हैदराबादचा. ही कंपनी 1942 ची, निजामाच्या काळातली. पुढे तिने बसच्या बॉड्या बांधल्या, घड्याळं केली आणि फ्रीजही केले. आजोबांना त्याचं फार कौतुक. "आपल्या राज्याची वस्तू आहे," म्हणायचे. त्यांच्या तोंडी 'आपलं राज्य' म्हणजे कोणतं, हे मला लहानपणी कधी नीट कळलं नाही.

फ्रीज येण्याआधी घरातला सगळा गारवा आजीच्या हातात होता. दाराच्या सावलीत वाळूवर बसवलेला रांजण, त्यावर ओलं फडकं. दूध दोन वेळा तापवायचं आणि जाळीच्या कपाटात ठेवायचं. लोणी पाण्यात बुडवून. उरलेली भाजी शिंक्यावर. बर्फ बघायला मिळायचा तो लग्नात नाहीतर गोळेवाल्याकडे, लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी. (या देशात बर्फाचा व्यापार मुळात अमेरिकेतून आला. 1833 मध्ये बोस्टनहून जहाजात भरलेला तळ्यातला बर्फ कलकत्त्याला उतरला होता, आणि तोही भुशातच!)

1979 च्या उन्हाळ्याआधी हैदराबादहून लॉरीत फ्रीज आला. 165 लिटरचा, एका दाराचा, पांढरा, दाराला कुलूप. आईने हळदकुंकू वाहिलं, शेजारच्या तेलुगू अक्का पेरुगूचं, म्हणजे दह्याचं, भांडं घेऊन आल्या. पहिल्याच दिवशी गल्लीतली अर्धी भांडी आमच्या फ्रीजमध्ये. चैन म्हणून घेतला नव्हता बरं का! आजोबांना मधुमेह होता आणि त्या वर्षी डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं होतं. इन्सुलिनची बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो. त्या एका बाटलीसाठी घरात फ्रीज आला. बाकीचं दूध, आंबे, सरबत ही सगळी मागून आलेली मंडळी.

म्हणून आईचे नियम कडक. ते तिने कुठे वाचले नव्हते. काही दुकानदाराने सांगितले, काही आजीच्या रांजणावरून तिने स्वतः ताडले. फ्रीज भिंतीपासून वीतभर लांब. मागच्या काळ्या जाळीवरची धूळ दर महिन्याला कुंच्याने झाडायची, कारण आतली उष्णता तिथूनच बाहेर जाते. धूळ बसली की यंत्र दमतं आणि बिल वाढतं. गरम पातेलं आत नाही. झाकण नसलेलं काही आत नाही. दाराच्या रबराला खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ती ओढून बघायची. सहज निघाली तर रबर सैल झालं म्हणून समजायचं. करंट गेला आणि आला तर बटण बंद करून पाच मिनिटं थांबायचं. नाहीतर कॉम्प्रेसरच्या आतला दाब उतरत नाही आणि मोटार अडून जळते. संध्याकाळी दिवे पिवळे पडायला लागले की स्टॅबिलायझरचा काटा बघायचा. आणि इन्सुलिनची बाटली दारातल्या कप्प्यातच. फ्रीजरला चिकटून ठेवली तर गोठते, आणि गोठलेलं इन्सुलिन कामातून गेलं.

शेवटचा नियम असा: बर्फ जाड झाला की बटण बंद करून दार उघडं ठेवायचं, खाली ताट लावायचं आणि वाट बघायची. टोचायचं नाही.

मी अकरा वर्षांचा होतो. दुपारची वेळ, सगळे आडवे झालेले. मित्र अंगणात उभे, हातात काला खट्ट्याची बाटली. बर्फाचा ट्रे फ्रीजरला घट्ट चिकटलेला. मी बाबांचा पेचकस घेतला आणि ट्रेखाली घालून हाणला. दुसऱ्या की तिसऱ्या घावाला फस्स असा आवाज आला. सायकलच्या ट्यूबमधली हवा जावी तसा, पण लांबलचक. मग आवाज थांबला. ट्रे सुटला होता. आम्ही गोळे खाल्ले.

संध्याकाळी आईच्या लक्षात आलं. मोटार चालू आहे, पण आत गारवा नाही. त्या फ्रीजरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या पोटातूनच गॅसच्या नळ्या फिरवलेल्या. मी त्यातली एक फोडली होती.

गावात पंखे, मोटारी दुरुस्त करणारे होते, फ्रीजचं काम करणारं कोणी नव्हतं. हैदराबाद 300 किलोमीटर, नागपूर 200. नागपूरचा मेकॅनिक बारा दिवसांनी येतो म्हणाला. घरात बाटल्या दोन. एक चालू, एक शिल्लक. औषधाच्या दुकानात पुढचा माल कधी येईल ते नक्की नाही.

तेव्हा आजी उठली. तिने एक मोठं मडकं घेतलं, तळाला वाळू घातली, आत छोटं मडकं बसवलं आणि दोन्हींच्या मधल्या फटीत ओली वाळू भरली. इन्सुलिन स्टीलच्या डबीत, डबी छोट्या मडक्यात, वर ओल्या फडक्याचं झाकण. ते सगळं ओसरीवर, ऊन नाही पण वारा आहे अशा जागी. दर तीन तासांनी वाळूवर पाणी, रात्रीसुद्धा. आमच्याकडची हवा मे महिन्यात कोरडी खडखडीत, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पावसाळा असता तर हा उपाय चालला नसता. फ्रीजइतकं गार काही झालं नाही, पण हात घातला की चांगलं थंड लागायचं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस निभेल, पण रोज तपासा.

तपासायचं म्हणजे तेव्हा रक्तातली साखर घरी कळत नसे. नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर ठीक. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं तर साखर फार. बारा सकाळी मी त्या दिव्याशेजारी उभा राहिलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. एकदा हिरव्याची पिवळी झाक दिसली तेव्हा माझ्या पोटात जे झालं, ते आजही आठवतं. रात्री वाळूवर पाणी घालायचं काम मी मागून घेतलं. आजोबा एक शब्द रागावले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "बर्फ मागायचा असतो बाबू, ओरबाडायचा नसतो."

बाराव्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने भोक बुजवलं, नळ्यांतली हवा ओढून काढली, नवा गॅस भरला आणि फ्रीज पुन्हा घुमायला लागला. त्या फ्रीजने पुढे 2001 पर्यंत साथ दिली. तोवर ऑल्विनचा फ्रीजचा धंदा व्होल्टासकडे गेलेला होता. आजोबा 1993 मध्ये गेले. तोवर रोज सकाळी त्यांची बाटली त्याच दारातून निघत होती.

नंतर कॉलेजात दोन गोष्टी कळल्या. पहिली ही की फ्रीज आणि रांजण एकाच नियमाने चालतात: पातळ पदार्थ वाफ होताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. रांजणातून पाणी उडून जातं, फ्रीजमध्ये तोच गॅस पुन्हा दाबून पातळ करून फिरवतात. आजीला बहुतेक हे ठाऊकच होतं. दुसरी ही की माझ्या पेचकसाने सोडलेला तो गॅस ओझोनच्या थराला खाणाऱ्यांपैकी होता. 1987 मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला, 1992 मध्ये भारत त्यात आला, आणि तो गॅस आता बंद झाला. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. ओझोनला त्याचा त्रास नाही, पण तो पेट घेणारा आहे. म्हणजे टोचायचं नाही हा आईचा नियम आता जास्तच लागू.

2016 मध्ये आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. निर्मळ, मंचेरियाल आणि आसिफाबाद वेगळे निघाले. सरहद्दी अजून हलतातच. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, मधुमेह तिलाही आहे. तिची इन्सुलिनची पेनं माझ्या फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात असतात.

मुलीला हे सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. बटण बंद केलं, दार उघडं ठेवलं, पेनं थर्मासच्या डब्यात काढली, खाली ताट लावलं, आणि आम्ही दोघं ओट्यापाशी बसून बर्फ सुटायची वाट बघत राहिलो.