स्टीव्हनेजचे रहिवासी



गाव झपाट्याने वाढू लागले की घरे आधी उभी राहतात आणि दुकाने, शाळा, दवाखाने मागाहून येतात. मधल्या काळातील ओढाताण कोणाच्या वाट्यास येते, हे आपणांस सांगावयास नको. अशा वेळी साध्या रहिवाशांची बिनपगारी समिती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे दाखविणारी एक हकिकत इंग्लंडात घडली. तिचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचला आहे.

लंडनच्या उत्तरेस सुमारे तीस मैलांवर स्टीव्हनेज हे गाव आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा तेथील वस्ती जेमतेम ६,००० होती. लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांनी असंख्य घरे पडली होती व गरीब कुटुंबे एकेका खोलीत दाटीने राहत होती. त्यांच्यासाठी लंडनबाहेर नवी नगरे वसवावयाची असे सरकारने ठरविले आणि पहिली निवड केली स्टीव्हनेजची. ६,००० वस्तीच्या गावाचे ६०,००० वस्तीचे नगर व्हावयाचे होते.

गावकरी हादरले. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे व शेते जाणार होती. त्यांनी वर्गणी काढून रहिवाशांचा संरक्षण संघ स्थापन केला. १९४६ च्या मे महिन्यात नगररचना मंत्री लुईस सिल्किन स्वतः गावात आले, तेव्हा सभेत त्यांची हुर्यो झाली. बाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या मोटारीच्या चाकांतील हवाही कोणी सोडून दिली. पुढे रेल्वे स्टेशनावर गावाच्या नावाऐवजी ‘सिल्किनग्राड’ अशा पाट्या झळकल्या. लहानपण याच गावी घालविलेले प्रसिद्ध कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनीही या योजनेविरुद्ध आवाज उठविला.

संघ न्यायालयात गेला. १९४७ च्या फेब्रुवारीत निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला, पण अपिलात तो फिरला आणि जुलैमध्ये लॉर्ड्स सभेने मंत्र्यांचाच हुकूम कायम केला. संघ हरला. त्यांची तळमळ खरी होती, पण लंडनच्या कोंदट खोलीत मूल वाढविणाऱ्या आईची गरजही तितकीच खरी होती. दोन्ही बाजू न्यायाच्या असल्या म्हणजे निवाडा किती कठीण होतो, हे येथे दिसते.

१९५१ पासून नवी कुटुंबे राहावयास येऊ लागली. आता प्रश्न निराळे होते. नगराच्या मध्यभागी बाजारपेठ कशी असावी, हा त्यांतला मोठा प्रश्न. विकास मंडळाच्या अध्यक्षा मोनिका फेल्टन यांच्या कारकिर्दीत मोटारींना मज्जाव असलेल्या बाजारपेठेचा आराखडा पुढे आला होता. पण दारावरून मोटारी गेल्या नाहीत तर गिऱ्हाईक येणार कोठून, अशी व्यापाऱ्यांची शंका होती. मंडळ कचरू लागले. तेव्हा नवे रहिवासीच पुढे सरसावले. त्यांच्या संघटनेने १९५४ च्या आरंभी जाहीर सभा भरविली व तीत लोकांनी मोटारमुक्त बाजारपेठेच्या बाजूने कौल दिला. अखेर तशीच बाजारपेठ झाली आणि १९५९ च्या एप्रिलमध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. बाबागाडी ढकलीत, दुसऱ्या मुलाचा हात धरून निर्धास्तपणे सौदा करता येईल अशी ही जागा. तेथील चौकात आई आणि तिच्या पाठीवर बसलेले मूल यांचा पुतळा आहे, तो किती समर्पक!

या मोनिकाबाईंची पुढील कथा आपणांस जवळची वाटेल. १९५१ साली त्या महिलांच्या एका आंतरराष्ट्रीय शिष्टमंडळाबरोबर युद्धग्रस्त उत्तर कोरियात गेल्या. त्यावरून मोठे वादळ उठून त्यांना अध्यक्षपद गमवावे लागले. पुढे त्या मद्रासेस येऊन राहिल्या आणि १९७० साली तेथेच वारल्या. स्वतः बालविधवा असून बालविधवांसाठी आश्रम चालविणाऱ्या सिस्टर सुब्बलक्ष्मी यांचे चरित्र त्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. हिंगण्याच्या आश्रमाचा वारसा ठाऊक असणाऱ्या आपणांस त्या कार्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

जुन्या रहिवाशांचा संघ हरला, नव्यांची सभा जिंकली. हा फरक का पडला? माझ्या मते, पहिल्यांनी लोकांना ‘येऊ नका’ म्हटले. दुसऱ्यांनी ‘आम्हांला असे राहावयाचे आहे’ असे नेमके मागितले. तथापि ज्यांना राहावयाचे त्यांना विचारले पाहिजे, हा आग्रह प्रथम धरला तो हरलेल्यांनीच. आपल्या वस्तीतही नवी बिऱ्हाडे रोज येत आहेत. नळ, रस्ता, मुलांचे मैदान यांबद्दल अर्ज लिहिताना त्या नव्या घरांतील भगिनींनाही सभेस बोलवावे, त्यांचीही सही घ्यावी, एवढीच नम्र विनंती.