अध्ययन-अक्षमता की परकी भाषा?

बुद्धी सर्वसाधारण, दृष्टी व श्रवण उत्तम, शाळाही नियमित. तरीही वाचन साधत नाही, या अवस्थेस वाचनातील अध्ययन-अक्षमता म्हणतात. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने १८९६ मध्ये अशा चौदा वर्षांच्या मुलाचे वर्णन केले. पुढील संशोधन बहुतांशी इंग्रजीवर झाले. देवनागरीची अडचण निराळी आहे. 'कि'मधील वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर होतो. अशा शब्दांवर हिंदी वाचकही रेंगाळतात, असे ज्योत्स्ना वैद व अशुम गुप्ता यांना २००२ मध्ये आढळले.

मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या गावी गुंता वाढतो. वारली, कातकरी मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठी नव्हे. आणि शिकवण्याची भाषाच अवगत नसल्याने येणारी अडचण निदानाच्या निकषांनुसार अध्ययन-अक्षमता ठरत नाही. वर्गात मात्र दोन्ही मुले सारखीच अडखळतात, आणि दोघांनाही 'मठ्ठ' हाच शिक्का बसतो! मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' चाचणी २०१५ मध्ये हिंदी, कन्नड, इंग्रजीसह मराठीत आली, वारलीत नव्हे. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत १९९६ पासून सवलती आहेत. २०१६ च्या कायद्याने अध्ययन-अक्षमतेस दिव्यांगत्वात स्थान दिले. प्रमाणपत्र मात्र निदानावर अवलंबून. म्हणून यमक ओळखणे, शब्दाची अक्षरे तोंडी सुटी करणे हे खेळ आधी घरच्या बोलीत घ्यावेत. तेथेही मूल चुकत राहिले, तर तज्ज्ञांकडून तपासणी लांबवू नये.