पुऱ्यांचं शहर

शहराचा इतिहास वाचायला ग्रंथालयातच जावं लागतं, असं नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरात रेल्वे स्टेशनपासून बेगमपुऱ्यापर्यंत रिक्षा केली, तरी चार शतकं डोळ्यांखालून जातात. मी हा रस्ता स्कूटरवरून करतो. खड्डे चुकवता चुकवता दुकानांच्या पाट्या वाचायची सवय लागली आहे. पाटीवर मालकाचं नाव ठळक असतं, खाली बारीक अक्षरांत पत्ता. माझं लक्ष त्या पत्त्याकडे असतं. पदमपुरा, कर्णपुरा, भावसिंगपुरा, जयसिंगपुरा, बेगमपुरा. खरा इतिहास त्या बारीक अक्षरांत आहे.

स्टेशन सोडलं की पदमपुरा लागतो, पुढे कर्णपुरा. बिकानेरचे राजा कर्णसिंह मुघलांच्या चाकरीत दख्खनेत आले आणि १६६९ मध्ये याच शहरात वारले. पदमसिंह त्यांचे पुत्र. बापलेकांच्या छावण्या पडल्या, त्यांची वस्ती झाली. कर्णपुऱ्याच्या देवीचं मंदिरही परंपरेनं या कर्णसिंहांच्या नावाशी जोडलं जातं. नवरात्रात पहाटेच्या अंधारात अनवाणी बायकांची रांग तिकडे निघालेली दिसते. वाळवंटातला एक राजा मराठवाड्यातल्या बायाबापड्यांच्या जिभेवर असा रुळला आहे. भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंह हाडांचा आणि जयसिंगपुरा पुरंदरच्या तहातल्या मिर्झाराजांचा. १६६६ मध्ये आग्र्याला जाताना शिवाजी महाराज याच शहरातून गेले होते.

बसस्थानक मागे टाकलं की मिल कॉर्नर. गिरणीचा भोंगा कधीच थांबला, पण रिक्षावाला अजून ‘मिल कॉर्नर, मिल कॉर्नर’ म्हणूनच हाका मारतो. नावं इमारतींपेक्षा चिवट असतात.

मग भडकल दरवाजा येतो. १६१२ मध्ये मलिक अंबरनं तो बांधला. वाहनं आज त्याच्या बाजूनं जातात, आणि जवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे. हबशांच्या देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० मध्ये त्यानं खडकी गावाची राजधानी केली. त्याच्या सरदारांनी आपापले पुरे वसवले. मालोजींचा मालपुरा, खेलोजींचा खेलपुरा, परसोजींचा परसपुरा, विठोजींचा विठापुरा. म्हणजे हबशी वजिराच्या राजधानीत पहिल्या वस्त्या मराठा सरदारांच्या नावानं उठल्या. यातली बहुतेक नावं आता रोजच्या बोलण्यात क्वचितच ऐकू येतात.

मकई दरवाजातून खाम नदी ओलांडली की बेगमपुरा. पलीकडे बीबी का मकबरा. त्याच्या प्रवेशद्वाराच्या लेखात दोन नावं आहेत, शिल्पकार अताउल्ला आणि हंसपतराय. काम करणाऱ्यांची नावं दारावर कोरण्याइतका मोकळेपणा तेव्हा होता.

मला भाषेचा नाद. ‘मी बेगमपुऱ्यात राहतो’ हे वाक्य घ्या. ‘बेगम’ तुर्की, ‘पुर’ संस्कृत, शेवटचा ‘त’ मराठी. तीन भाषा एका शब्दात बसल्या आहेत आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. माझ्यासारखा मुसलमान मराठीत कविता लिहितो याचं काहींना नवल वाटतं. त्यांना मी हाच शब्द ऐकवतो.

आमच्या शहराचं मोठं नाव पुष्कळदा बदललं. खडकी होतं, १६२६ मध्ये फतेहनगर झालं, १६५३ नंतर औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. मोठ्या नावावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत. त्या दिवसांत शहराला एक वाईट सवय लागली. ‘कुठं राहता?’ असं विचारायचं आणि पत्त्यावरून माणसाचा धर्म ताडायचा. पुऱ्यांची नावं मात्र हा हिशोब जमू देत नाहीत. कर्णसिंह हिंदू, पण लढले मुघलांकडून. मलिक अंबर मुसलमान. जन्मभर तो मुघलांशी लढला, आणि त्याच्या फौजेत शहाजीराजे होते. कोणता पुरा कुणाच्या खात्यात टाकायचा?

हल्ली जुने वाडे पडतात, तिथे अपार्टमेंट उभं राहतं आणि पाटीवर ‘अमुक रेसिडेन्सी’ येतं. कुरिअरवाल्याला पिनकोड पुरतो. पुऱ्याचं नाव पत्त्यातून गळून पडतं, त्याचा कुणी निषेध करत नाही. मोठ्या नावासाठी मोर्चे निघतात, छोट्या नावासाठी कोण निघणार? माझं एवढंच म्हणणं आहे की घराची नवी पाटी रंगवताना खाली बारीक अक्षरांत पुरा लिहायला विसरू नका. शेजारी कोण कोण राहून गेलं, हे नातवंडांना तिथूनच कळणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)