बंदर हा उद्योग आहे का?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

चर्चगेटहून डहाणूकडे निघालं, की विरार सुटल्यावर डब्यातली गर्दी आणि खिडकीबाहेरचं दृश्य दोन्ही बदलतं. मिठागरं, खाड्या, ताडाची झाडं, मग बोईसर. बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्या पश्चिमेला, समुद्रावर, १९६९ पासून चालू असलेलं अणुवीज केंद्र. तसंच पुढे गेलं, डहाणू ओलांडलं आणि गुजरातच्या हद्दीत शिरलं की वापीचे रासायनिक कारखाने लागतात. तारापूर आणि वापी यांच्या मधोमध डहाणू तालुका आहे. तिथे चिकूच्या वाड्या आहेत, वारल्यांचे पाडे आहेत, किनाऱ्यावर मांगेला आणि इतर मच्छीमारांची गावं आहेत. दोन्ही बाजूंना कारखान्यांची दाटी असताना मधलाच पट्टा हिरवा कसा राहिला, हा प्रश्न खिडकीत बसलेल्या माणसाला पडायला हवा. सहसा पडत नाही. आपल्याला वाटतं, असेल ते गाव मागासलेलं, आलं नसेल कुणी तिकडे.

प्रत्यक्षात तिकडे बरेच जण आले होते. त्यांना थांबवण्यात आलं. ते कसं थांबवलं आणि पुढे काय झालं, त्याची ही गोष्ट.

सुरुवात बंदरापासून नव्हे, विजेपासून करावी लागते. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीला ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभारायचं होतं आणि त्यासाठी जागा निवडली गेली ती डहाणूच्या खाडीकाठची. कोळसा जाळायचा डहाणूत, दिवे लावायचे मुंबईत. चिकू बागायतदार हादरले. या भागात चिकूची लागवड रुजवली ती प्रामुख्याने इराणी कुटुंबांनी. नर्गिस इराणी यांच्यासारख्या मंडळींनी संघटना बांधली, मुंबईतले पर्यावरणवादी सोबत आले, आणि प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च १९९१ मध्ये तिथे ते हरले. सरकारनं सर्व बाजूंचा विचार करून परवानगी दिली आहे, त्यात आम्ही हात घालणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. १९९५ मध्ये वीज केंद्र सुरूही झालं.

पण हरता हरता या लोकांच्या हाती एक गोष्ट लागली. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारनं अधिसूचना काढून सबंध डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. उद्योगांची हिरवी, नारिंगी आणि लाल अशी प्रतवारी झाली. लाल म्हणजे प्रदूषणकारी उद्योगांना तालुक्याचं दार बंद. सगळ्या उद्योगांना मिळून जास्तीत जास्त ५०० एकर जमीन, आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा. कागद मोठा भक्कम होता. मात्र आपल्याकडे कागद निघणं आणि कागद पाळला जाणं यांत किती अंतर असतं, ते श्रोत्यांना मी सांगायला नको. अधिसूचनेची अंमलबजावणी होईना, तेव्हा ‘सँक्च्युअरी’ नियतकालिकाचे संपादक बिट्टू सहगल पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल लागला. त्यात न्यायालयानं एक वेगळीच व्यवस्था घालून दिली: उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली, केवळ एका तालुक्याच्या पर्यावरणासाठी, वैधानिक प्राधिकरण.

डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. माणूस गांधीविचारांत वाढलेला आणि कायद्यात मुरलेला. या प्राधिकरणापुढे मच्छीमार, आदिवासी आणि बागायतदार आपलं म्हणणं मांडू शकत, आणि समोर कंपनीला उत्तर द्यावं लागे. वीज केंद्राच्या धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवायला कंपनी वर्षानुवर्षं टाळाटाळ करत होती. प्राधिकरणानं तिच्याकडून ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली. देशातल्या बहुतेक कोळशाच्या वीज केंद्रांना ती तेव्हा नव्हती आणि पुढेही बरीच वर्षं नव्हती.

आता बंदराकडे वळू. डहाणूच्या दक्षिणेला, वरोर आणि चिंचणीच्या शेजारी, वाढवण नावाचं गाव आहे. समोरचा समुद्र खडकाळ. ओहोटीला पाणी मागे सरतं तेव्हा काळ्या खडकांचं मोठं पठार उघडं पडतं. त्या खडकांच्या कपारींत शेवंड, खेकडे, शिंपल्या. मासे अंडी घालायला येतात ते अशाच जागी, आणि दूरवरच्या बंदरांतले मच्छीमारसुद्धा या पट्ट्यातल्या पापलेट आणि घोळीवर अवलंबून असतात. इथलंच शंखोदर हे स्थान गावकऱ्यांच्या श्रद्धेचं. गावात आणखी एक धंदा आहे, जो बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो. सोन्याचांदीच्या दागिन्यांचे ठसे उठवायला जे लोखंडी साचे लागतात, ज्यांना तिथे डाय म्हणतात, ते घडवणारे कारागीर चिंचणी, वरोर, वाढवण या भागात घराघरात आहेत. मुंबईच्या सराफ बाजाराची बरीच नक्षी या गावांतून निघते.

अशा ठिकाणी १९९७ मध्ये राज्य सरकारनं पी अँड ओ या बहुराष्ट्रीय कंपनीबरोबर महाबंदराचा बेत केला. २९ धक्क्यांचं बंदर, आणि त्याला जोडणारे रस्ते व रेल्वे. गावं उठली. प्राधिकरणानं सुनावणी घेतली, आणि सप्टेंबर १९९८ मध्ये निर्णय दिला की या भागाला लागू असलेले कायदे पाहता असं बंदर इथे मुळीच बसत नाही, म्हणून ते बेकायदा ठरेल. कंपनी निघून गेली.

इथे थोडं थांबून उरणची आठवण काढतो, कारण वाढवणचे मच्छीमार तिचीच आठवण काढतात. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, त्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. तो लढा जमिनीच्या मोबदल्याचा होता, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. पण सातबारा ज्याच्या नावावर, त्याला मोबदला. समुद्राचा सातबारा नसतो. बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याचं पुनर्वसन दशकं उलटली तरी भांडणातच राहिलं. खाडीत भराव पडला, भरतीचं पाणी अडलं, मासळी गेली. अखेर फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश काढला. बंदर सुरू झाल्यानंतर सव्वीस वर्षांनी. उरणकर भावासाठी लढले, डहाणूकर मुळात विक्रीलाच नकार देत होते, असा हा फरक आहे. पहिली मागणी सरकारला निदान समजते.

त्याच २०१५ मध्ये वाढवणची फाईल पुन्हा उघडली गेली. या वेळी परदेशी कंपनी नव्हती. न्हावा-शेवा चालवणारं जवाहरलाल नेहरू बंदर आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांची भागीदारी, ७४ आणि २६ टक्क्यांची. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. आताची मोठी कंटेनर जहाजं इतकी खोल बसतात की त्यांना १८ ते २० मीटर पाणी लागतं. न्हावा-शेव्याला तेवढं पाणी नाही, वाढवणच्या समोर ते निसर्गतः आहे. आपला माल कोलंबो किंवा सिंगापूरला उतरवून पुन्हा चढवावा लागतो, त्यात वेळ आणि पैसा जातो. हा युक्तिवाद खोटा नाही. शिवाय, ‘नाजूक क्षेत्र’ म्हणून घरदार, कारखाना, रस्ता सगळंच अडतं, अशी कुरकुर डहाणूतही होती आणि आहे. चिकूबागेचा मालक आणि तिथे मजुरी करणारा वारली यांना एकच गोष्ट धोक्याची वाटते असं समजणं भाबडेपणाचं होईल. हा तालुका १९४५ च्या वारली उठावाचा. वेठबिगारीविरुद्ध इथले लोक जमीनदारांपुढे उभे राहिले, तेव्हा पर्यावरण हा शब्दही कुणी ऐकला नव्हता.

तरीही १९९८ चा निर्णय आडवा होताच. समुद्र तोच, खडक तेच, अधिसूचनाही तीच. मग बदललं काय? बदलली व्याख्या. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं बंदरं, धक्के आणि गाळ उपसणं ही कामं लाल यादीतून काढून ‘बिगर-औद्योगिक’ ठरवली. जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं त्याला पुस्ती जोडली. बंदर हा उद्योगच नसेल, तर उद्योगांना बंदी घालणारी अधिसूचना त्याला कशी लागू होणार? मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. एक खडकही न हलवता, केवळ एका यादीतला शब्द दुसऱ्या यादीत टाकून, वीस वर्षांपूर्वीचा निकाल निष्प्रभ झाला.

लोक गप्प बसले नाहीत. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा किनाऱ्यावरच्या भिंतींवर झळकू लागली. डिसेंबर २०२० मध्ये झाईपासून मुंबईच्या कफ परेडपर्यंतच्या मच्छीमारांनी बंद पाळला. व्याख्येचा वाद हरित न्यायाधिकरणापुढे गेला. जून २०२१ मध्ये त्यानं तज्ज्ञांकडून फेरविचार करायला सांगितलं, तज्ज्ञांनी बदल उचलून धरला. न्यायमूर्ती धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये निवर्तले होते. मधल्या काळात प्राधिकरणच गुंडाळण्याचे प्रयत्न झाले. ते टिकलं, अध्यक्ष नवे आले, आणि ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणानं अटी घालून बंदराला नाहरकत दिली. १९९८ मध्ये बेकायदा म्हणणारी संस्था आणि २०२३ मध्ये हरकत नाही म्हणणारी संस्था एकच. पाचेक आठवड्यांनी, सप्टेंबरमध्ये, राज्य सरकारनं पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. माशाची संख्या घटते आहे, त्याचं संवर्धन व्हावं, हा हेतू त्यात होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं विरोधकांच्या याचिका फेटाळल्या, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे गेलं. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली. अधिसूचनेच्या तेहतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, हा केवळ योगायोग. ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली.

आकडे एकदा नीट ऐकून घ्या. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, म्हणजे दादरची सव्वाशेच्या वर शिवाजी पार्कं. त्यासाठी लागणारी वाळू दमणच्या समुद्रतळातून उपसून आणायची. लाटा अडवायला दहा किलोमीटरांहून लांब बंधारा. कंटेनरची नऊ टर्मिनलं, प्रत्येकाची लांबी एक किलोमीटर. जमीन घ्यायची नाही, सगळं पाण्यात होणार आहे, असं सांगितलं जातं, आणि बंदरापुरतं ते खरंही आहे. पण बंदर एकटं येत नाही. वरोरपासून मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गापर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा आठपदरी महामार्ग त्याच्याबरोबर येतो, आणि मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गाला जोडणारा १२ किलोमीटरचा रेल्वेफाटा. ते पाण्यातून जाणार नाहीत. ते भातखाचरांतून, वाड्यांतून आणि पाड्यांतून जाणार. याच भागानं आधी सूर्या प्रकल्पाला जमीन दिली, तिचं पाणी वसई-विरारला गेलं. मग मालगाड्यांचा मार्ग, बुलेट ट्रेन, द्रुतगती मार्ग. प्रत्येक प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल वेगळा. सगळ्यांची बेरीज मांडणारा अहवाल कोणत्याच टेबलावर येत नाही. १९९१ च्या अधिसूचनेनं जे सांभाळलं होतं ते नेमकं हेच: एकेक प्रकल्प नव्हे, सबंध तालुका एकत्र पाहायचा.

भरावामुळे प्रवाह फिरतील आणि किनारा दुसरीकडे खचेल, ही मच्छीमारांची भीती आहे. तसं होणार नाही, असं सरकारी संस्थांचे अभ्यास सांगतात. यांपैकी कोण बरोबर, ते बंधारा उभा राहिल्यावरच दिसेल. सध्या तरी ओहोटीला खडक उघडे पडले की वाढवणच्या बायका टोपल्या घेऊन शिंपल्या काढायला त्या पठारावर उतरतात. बंदराचा पहिला टप्पा या दशकाच्या अखेरीस पुरा करायचं ठरलं आहे.