जातीय शेरेबाजी : यंत्राची छाननी आणि माणसाचा निर्णय

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर रोज येणारा मजकूर इतका प्रचंड असतो की त्याची पहिली छाननी कृत्रिम बुद्धिमत्ताच करते. त्यातला थोडाच भाग माणसाच्या नजरेखालून जातो. त्यामुळे जातीय अपमान ओळखण्याचे कामही बऱ्याच अंशी यंत्राकडे गेले आहे.

यंत्र कसे शिकते?
माणसांनी शिक्के मारलेली हजारो उदाहरणे दाखवून यंत्राला शिकवले जाते. पुण्यातील ‘एलथ्रीक्यूब’ या संशोधन गटाने २०२२ मध्ये ‘महाहेट’ हा संच प्रसिद्ध केला. त्यात २५ हजारांहून अधिक मराठी ट्वीट असून त्यांची द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, शिवराळ आणि यांपैकी काहीही नसलेली अशी विभागणी केली आहे. असे कोणतेही यंत्र शिक्का मारणाऱ्यांच्या समजेवर उभे असते. त्यांना न कळलेला टोमणा यंत्रालाही कळत नाही.

यंत्र कुठे चुकते?
‘जयभीमवाले’ हा शब्द एकाच्या तोंडी अभिमानाचा, तर दुसऱ्याच्या तोंडी हिणवण्याचा असतो. ‘सरकारचे जावई’ यात एकही शिवी नाही, पण रोख कुणाकडे आहे हे आपल्याला लगेच कळते. उलट, आपल्याला दिलेली जातिवाचक शिवी पुरावा म्हणून जशीच्या तशी टाकली, तर आपलीच पोस्ट उडू शकते. उमरखेडसारख्या भागात मराठीत हिंदी आणि बंजारा बोली मिसळते, लिहिणे अनेकदा रोमन लिपीत होते. तिथे यंत्राची अडचण आणखी वाढते.

कायदा काय सांगतो?
अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ मधील कलम ३(१)(आर) लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाला लागू होते. कलम ३(१)(व्ही) समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीच्या अवमानाबद्दल आहे. हेतू आणि संदर्भ तपासून निर्णय न्यायालय देते. यंत्राने मजकूर ठेवला म्हणून तो निर्दोष ठरत नाही आणि हटवला म्हणून गुन्हा मिटत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?
१. तक्रारीआधी स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, वेळ आणि खात्याचे नाव जपून ठेवा. मजकूर हटला की पुरावाही हाताबाहेर जाऊ शकतो.
२. नुसते ‘रिपोर्ट’चे बटण दाबून थांबू नका. त्या शब्दाचा स्थानिक अर्थ लिहून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला कळवा. निर्णय मान्य नसेल, तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे दाद मागता येते.
३. आपलीच पोस्ट हटली तर कारण विचारा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या कंपन्यांनी कारण कळवून बाजू मांडण्याची संधी देणे अपेक्षित आहे.
४. गंभीर प्रकरणात पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या.
५. संतापाच्या भरात तो मजकूर पुढे पाठवू नका.

शब्द शोधणे यंत्राला जमते. तो शब्द कुणाला आणि का बोचतो, हे सांगायला आपणच पुढे यावे लागेल.