भेंडीचा ठसा आणि नाताळचं कार्ड

१८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्स्लींकडून चित्र काढून घेऊन सुमारे १,००० नाताळकार्डं छापली. किंमत एक शिलिंग. आज मोजकीच उरलीत, पण साल पक्कं ठाऊक आहे.

आमच्या नवागामात शेजारच्या मुलीने नाताळचं कार्ड केलं. आडवी कापलेली भेंडी रंगात बुडवून चांदण्या उठवल्या. पुठ्ठ्यात घंटा कोरली, वर कागद ठेवून चमच्याच्या दांड्याने कडा दाबल्या; उलटवल्यावर घंटा उठून आली. मी इंजिनिअर, मला डाय आठवली. सिंध डाकचं १८५२चं अर्ध्या आण्याचं तिकीटही असंच उठावाचं होतं.

आईच्या ट्रंकेत असंच एक कार्ड सापडलं. नाव नाही, साल नाही. सांगणारंही कुणी उरलं नाही. म्हणून त्या मुलीला म्हटलं, ‘बेटा, मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिही.’